पाहुण्यांकडचं बियाणं

सोयाबीनवरचा तांबेरा हा बुरशीचा रोग शेंड्याकडं बघून कळत नाही. तो आधी जमिनीलगतच्या पानांवर येतो, तोही खालच्या बाजूनं. पान उलटं केलं की बारीक तपकिरी पुटकुळ्या दिसतात, बोट फिरवलं तर विटकरी भुकटी लागते. हे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर ते दूरवर जातात आणि पान काही तास सलग ओलं राहिलं की रुजतात. पुढं पानं वेळेआधी गळतात, दाणा बारीक राहतो. बेळगाव जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं उगार खुर्द तांबेऱ्याचं इतकं हमखास ठिकाण, की शास्त्रज्ञ नवी वाणं मुद्दाम तिथं लावून पारखतात.

जबलपूरचं जेएस 335 हे वाण एके काळी सगळीकडं असायचं, पण तांबेऱ्यापुढं ते टिकत नाही. म्हणून तांबेऱ्याला तोंड देणारी वाणं आली: धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीएसबी 21 काढलं. राहुरी विद्यापीठाच्या सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून फुले अग्रणी आणि फुले संगम आली. डिग्रज आणि उगार एकाच कृष्णेच्या काठावर, मधे फक्त राज्याची हद्द.

वाण तयार होणं आणि ते रानात पोचणं यांत मोठं अंतर असतं. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मका कसा पसरला, याचा रायन आणि ग्रॉस या दोघांनी 259 शेतकऱ्यांना भेटून अभ्यास केला. 1943 साली तो प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची पहिली बातमी बहुतेकांना विक्रेत्यांकडून कळली होती; खात्री पटली ती शेजाऱ्याच्या रानाकडं बघून.

निपाणी, चिकोडी, कागवाडकडं हा शेजारी पुष्कळदा पाहुणाच असतो. लेक मिरजेला दिलेली, मामा कागलचे. त्यांच्याकडं पीक चांगलं दिसलं की येताना गाडीत पोतं येतं. सोयाबीन स्वपरागी, म्हणजे फुलाला त्याच फुलाचा पराग लागणारं, असल्यानं घरच्या बियाण्यातही वाणाचे गुण टिकतात, त्यामुळं हा मार्ग शास्त्रालाही धरून आहे.

पण पोत्याबरोबर माहिती येत नाही. कर्नाटक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात अधिकृत बियाणं मिळतं, तिथली पत्रकं कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागतात. डिग्रज आणि धारवाड यांनी मिळून पेरणीआधी दोन्ही भाषांत एकच पत्रक काढावं, असं मला मनापासून वाटतं. त्यात पहिली गोष्ट उगवण तपासणीची हवी. सोयाबीनचं साल फार पातळ असतं. मळणी मशीन जोरात फिरवलं, पोती उंचावरून आदळली किंवा थरावर थर रचले की आतला अंकुर दुखावतो, दाणा वरून मात्र धडधाकट दिसतो. म्हणून न निवडता 100 दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओल टिकवावी. आठवड्यानं जोमदार कोंब मोजावेत. 70 किंवा जास्त निघाले तर बियाणं पेरायला योग्य; थोडे कमी असतील तर एकरी बियाणं वाढवावं, फारच कमी असतील तर ते पोतं पेरू नये.

दुसरी गोष्ट उन्हाळी सोयाबीनची. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच जगते. खरीप संपल्यावर पाण्यावर घेतलेलं हिरवं सोयाबीन तिला पुढच्या पावसापर्यंत सांभाळतं. म्हणून असं पीक कुठं उभं आहे आणि त्यावर तांबेरा आहे का, हे नदीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांच्या गावांनी एकमेकांना कळवायला हवं.