भात जास्त झाला आणि गॅस प्लांट आंबला

गणपतीत महाप्रसादाचा उरलेला भात, चांगली दोन मोठी पातेली, कुणीतरी सोसायटीच्या बायोगॅस प्लांटमध्ये एका दमात ओतला. चार दिवसांनी बघतो तर गॅसचा फुगा टम्म भरलेला पण शेगडी काही पेटेना, आणि स्लरीला (आतल्या पातळ काल्याला) ओकारीसारखा आंबट वास. माशांच्या टाकीसाठी आणलेली पीएच (आम्लता मोजायची) पट्टी बुडवली, साडेपाच, म्हणजे चांगलंच आंबट! ग्रुपवर लगेच सल्ले सुरू, देशी गाईचंच शेण घाला त्यात शक्ती असते वगैरे. अहो, म्हशीचं घाला नाहीतर जर्सीचं, मिथेन करणारे जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात.

झालं असं की भाताची साखर आणि साखरेचं आम्ल करणारे बॅक्टेरिया भराभर वाढतात, मिथेनवाले मात्र रमतगमत. आम्ल साचलं की मिथेनवाले ढेपाळतात, मग गॅस येतो तो बराचसा कार्बन डायऑक्साइड, तो कसला पेटतोय.

पण खरी गंमत मधल्या मंडळींची. साचलेल्या आम्लांपैकी प्रोपिओनिक आम्ल खाऊन काही बॅक्टेरिया ॲसिटिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन बनवतात. प्रमाण परिस्थितीत (रसायनशास्त्रात तुलनेसाठी ठरवलेल्या) हिशोब केला तर या क्रियेत ऊर्जा मिळायच्या ऐवजी मोलला (रेणू मोजायचं ठरलेलं माप) सुमारे 76 किलोजूल पदरचीच घालावी लागते, म्हणजे जेवून उपाशी. हायड्रोजनचा आंशिक दाब (मिश्र वायूत एकट्या त्याचा दाब) वातावरणाच्या दाबाच्या साधारण दहा हजाराव्या भागाच्या खाली राहिला तरच गणित उलटं फिरतं. तो खाली कोण ठेवतं, तर शेजारचे मिथेनवाले, चार हायड्रोजन रेणू आणि एक कार्बन डायऑक्साइड घेऊन एक मिथेन. शेजाऱ्याने खरकटं उचललं तरच याला पुढचा घास, आणि शेजाऱ्याचं पोटही त्याच खरकट्यावर!

या जोडीने शास्त्रज्ञांनाही चांगलं फसवलं. 1940 मध्ये बार्कर यांनी अल्कोहोलपासून मिथेन करणारा एक जंतू वेगळा केला, 1967 मध्ये ब्रायंट, वुल्फ वगैरेंनी दाखवलं की तो एक नाहीच, दोन आहेत. एक अल्कोहोल खाऊन हायड्रोजन सोडतो आणि तोच साचला की स्वतःच अडतो, दुसऱ्याला अल्कोहोल पचतच नाही, हायड्रोजन मात्र चालतो. वर 1977 मध्ये कार्ल वोझ यांनी सांगितलं की मिथेनवाले मुळात बॅक्टेरियाच नव्हेत, वेगळंच घराणं, आर्किया.

आम्ही प्लांटचं खाणं बंद ठेवलं, थोडा चुना आणि गोठ्यातून मिळालेलं, बहुतेक म्हशीचंच, बादलीभर शेण कालवून टाकलं. अकराव्या दिवशी शेगडी भप्प करून पेटली, निळी. आता पातेलं घेऊन कुणी आलं की वॉचमन आधी आत डोकावून बघतो.