पिकअपचे पुढचे ड्राइव्ह शाफ्ट घरी बदलताना

आमच्याकडून शाफ्ट घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक फोर-बाय-फोर पिकअपसाठी आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या रस्त्यांवरच्या बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालतात. त्यांच्या पुढच्या चाकांत शाफ्ट नसतोच. तशा गाडीचं पुढचं चाक आवाज करत असेल तर बेअरिंग आणि बॉल जॉइंट तपासा, शाफ्टवर पैसे घालू नका. इसुझु व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा गाड्यांत मात्र डिफरन्शियलपासून (इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीपासून) दोन्ही पुढच्या चाकांपर्यंत एकेक शाफ्ट असतो. त्याच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात आणि प्रत्येक जॉइंटवर ग्रीस भरलेला रबरी बूट.

शाफ्ट सहसा आपणहून जात नाही, आधी बूट फाटतो. आपल्याकडे त्याची कारणं शेतातच असतात. कापूस निघाल्यावर उभे राहिलेले पऱ्हाटीचे खुंट खालून बुटाला ओरखडे काढतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबकची नळी किंवा नायलॉनची दोरी शाफ्टला गुंडाळली जाते आणि बुटाची क्लिप उखडते. उन्हाळ्यातल्या ४४-४५ अंशांत रबर कडक होऊन घडीवर चिरतं. एकदा चीर पडली की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि काळ्या मातीचा चिखल आत जातो. हाताने लॉक करायचे हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) नसतील तर टू-व्हीलवर चालवतानाही हे शाफ्ट चाकाबरोबर फिरत राहतात, त्यामुळे ‘फोर-व्हील वापरतच नाही’ म्हणून जॉइंट वाचत नाही.

शाफ्टच गेलाय का?

मोकळ्या कच्च्या जागेत फोर-व्हील लावा, स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि हळूहळू गोल फिरा. डांबरी रस्त्यावर हे करू नका, गिअरवर नाहक ताण येतो. वळताना कट-कट आवाज आला तर चाकाकडचा जॉइंट गेला आहे. सरळ रस्त्यावर वेग घेताना पुढून थरथर जाणवत असेल तर डिफरन्शियलकडच्या जॉइंटवर संशय घ्या. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी घरघर बेअरिंगची असते. गिअर टाकताना एकच ठोका बसत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या लांब शाफ्टचे) क्रॉस जॉइंट बघा.

बूट फाटलेला आहे पण आवाज नाही, अशा वेळी आतलं थोडं ग्रीस अंगठा आणि बोटात चोळून बघा. मऊ, काळं, लोण्यासारखं लागलं तर जॉइंट वाचला आहे; साफ करून नवा बूट, क्लिपा आणि मॉलिब्डेनमचं ग्रीस एवढ्यावर काम भागतं. बोटाला कचकच लागली तर आतल्या गोळ्या आणि खाचा घासल्या गेल्या आहेत, तिथे नवा बूट म्हणजे पैसे वाया.

जवळ काय असावं

बाजू नीट बघून घेतलेला शाफ्ट: डाव्या-उजव्याची लांबी बऱ्याच गाड्यांत वेगळी असते. नवा एक्सल नट (शाफ्ट हबमध्ये आवळणारा मोठा नट), डिफरन्शियलचं सील, आतल्या टोकाची सर्क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) आणि स्प्लिट पिना. या चार वस्तू जुन्या परत वापरू नका. कामाच्या खर्चात त्यांचा वाटा सगळ्यांत कमी आणि गाडी परत उघडायला लावणाऱ्याही त्याच. डिफरन्शियलचं गिअर तेल गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचं, जीएल-५ दर्जाचं. पुढच्या डिफरन्शियलला साधारण एक ते दीड लिटर लागतं. हत्यारांत एक्सल नटाचा सॉकेट (बहुधा ३० ते ३६ मिमी, आपला नट मोजूनच घ्या), लांब दांडा, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराने आवळायचा), टॉमी (उचकटायची पहार), बॉल जॉइंट पुलर, पितळी किंवा तांब्याचा ठोकणा आणि कमीत कमी दोन मजबूत स्टँड.

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, मिनिटभरासाठीसुद्धा नाही. काळ्या मातीत जॅक खचतो. सिमेंटची जागा नसेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड लाकडी फळ्या घाला.

काढताना

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. सगळ्यात आधी डिफरन्शियलचा तेल *भरायचा* प्लग उघडतो का ते बघा. तो जाम असेल आणि तुम्ही खालचा प्लग काढून तेल सोडलं असेल, तर गाडी जागेवरच अडकली.

एक्सल नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. स्प्लिट पिन किंवा नटाची ठोकून दाबलेली कड आधी मोकळी करा, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. नट सैल झाल्यावर गाडी हलवू नका: हबचं बेअरिंग याच नटाच्या दाबावर बसलेलं असतं, वजन पडलं की ते तिथेच खराब होतं.

मग गाडी उचलून चेसिसखाली स्टँड लावा, चाक काढा. ब्रेक कॅलिपर तारेने वर टांगा. नळीवर लोंबकळू देऊ नका. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर क्लिपांतून मोकळी करा. टाय रॉड आणि गाडीप्रमाणे वरचा किंवा खालचा बॉल जॉइंट पुलरने सोडवा. काट्यासारखी पाचर ठोकली तर जॉइंटचं रबर फाटतं. बॉल जॉइंट सोडण्याआधी खालच्या आर्मखाली जॅकचा आधार हवाच, स्प्रिंगचा ताण तिथे असतो.

एक्सल नट दोन आटे अडकवून ठेवा आणि ठोकण्याने शाफ्ट हबमधून आत सरकवा. थेट लोखंडी हातोडी मारू नका. नकल (हब धरून चाकाबरोबर वळणारा भाग) बाहेर झुकवा आणि शाफ्टचं टोक काढा.

आतलं टोक काही गाड्यांत बोल्टच्या फ्लँजवर असतं, ते सोपं. स्प्लाइनवर (शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या दात्यांवर) असेल तर आधी तेल सोडा, मग जॉइंटच्या वाटीमागे टॉमी घालून झटक्याने उपटा, एकदा या बाजूने, एकदा त्या. शाफ्ट हाताने ओढायचा नाही. ओढला की आतला जॉइंट सुटून वाटी डिफरन्शियलमध्येच राहते. घरी केलेल्या कामात सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच.

बसवताना

जुना आणि नवा शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, स्प्लाइनचे दाते आणि असल्यास एबीएसची रिंग जुळवा. दाते मोजाच, नजरेने सारखे दिसणारे शाफ्ट बरेचदा एका-दोन दात्यांनी वेगळे निघतात. न जुळल्यास ग्रीस न लागलेला शाफ्ट आमच्याकडे परत आणा, बदलून देऊ.

नवं सील सगळीकडून सारखं दाबून बसवा, सीलच्या ओठावर (आतल्या कडेवर) थोडं ग्रीस लावा. सर्क्लिपचं तोंड खाली ठेवा आणि दाते सीलला न घासता शाफ्ट आत ढकला. ‘खट’ आवाज झाला पाहिजे. वाटी धरून बाहेर ओढून बघा. येत असेल तर क्लिप बसलेली नाही.

पुढचं सगळं उलट क्रमाने. बॉल जॉइंटच्या नटाचं भोक पिनेशी जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळा, मागे कधीच नाही. एक्सल नटाचा टॉर्क बहुतेक पिकअपना २०० ते ३०० न्यूटन-मीटरमध्ये असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातलाच धरा. चाक हवेत असताना कुणाला ब्रेक दाबायला सांगून नट घट्ट करा, शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर, आणि मग पिन घाला किंवा कड ठोका. तेल भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल दोन-चार वेळा दाबा. पॅड मागे सरकलेले असतात, पहिला ब्रेक पोकळ लागतो.

टाय रॉडची लांबी बदलली नसेल तर अलाइनमेंट बिघडत नाही. आर्मचे कॅमवाले बोल्ट हलवले असतील तर मात्र करून घ्या.

पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा बघा आणि सीलपाशी तेलाची ओल आहे का ते बोट फिरवून तपासा. बूट बाजूला दाबून घड्यांच्या आतपर्यंत बघायची सवय ठेवा, विशेषतः कापूस वेचणी संपल्यावर आणि पावसाळ्याआधी. गाडीची उंची वाढवलेली असेल तर ऑर्डर देतानाच सांगा: जॉइंटचा कोन वाढलेला असतो आणि बूट लवकर फाटतो. ऑर्डरसाठी चेसिस नंबर, बाजू आणि एबीएस आहे की नाही, एवढं कळवा.

काढलेलं तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून आणलंत तर आम्ही जमा करून घेतो.