मॉनिटरवर ‘आय’, कार्डवर ‘पी’

कॅमेऱ्यात १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम असं सेटिंग आहे. एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर जोडला, तर त्याच्या कोपऱ्यात ‘१०८०आय ५०’ उमटतं. ऐन शूटिंगच्या वेळी हे पाहून कॅमेरामन हबकतो. जुन्या एचडी कॅमेऱ्यांबाबत हा प्रश्न वारंवार येतो आणि त्याचं उत्तर दिलासा देणारं आहे: कार्डवरचं चित्रण बहुधा शाबूत असतं. मॉनिटर सांगतो ते फक्त केबलमधून येणाऱ्या सिग्नलचं स्वरूप. चित्र कसं टिपलं गेलं, हे त्यावरून ठरत नाही.

‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह. त्यात फ्रेमच्या, म्हणजे एका पूर्ण चित्राच्या, सगळ्या १०८० रेषा एकाच क्षणाच्या असतात आणि क्रमाने येतात. ‘आय’ म्हणजे इंटरलेस्ड. त्यात आधी विषम रेषांचं अर्धं चित्र येतं, मग सम रेषांचं. या अर्ध्या चित्राला ‘फील्ड’ म्हणतात, त्यात ५४० रेषा. ‘१०८०आय ५०’ मधला ५० म्हणजे सेकंदाला ५० फील्ड.

हा खटाटोप कशासाठी? १९३६ साली बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून दोन पद्धती आलटून पालटून चालवल्या. टीव्हीचा संशोधक बेअर्ड याची २४० रेषांची पद्धत सेकंदाला २५ पूर्ण चित्रं दाखवायची, मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची पद्धत ५० अर्धी. सेकंदाला २५ वेळाच उजळणारा पडदा डोळ्यांना लुकलुकताना जाणवतो, ५० वेळा उजळला की ते बरंच कमी होतं, तेही जादा माहिती न पाठवता. १९३७च्या फेब्रुवारीत बेअर्डची पद्धत बंद झाली. आपल्या दूरदर्शनचं ६२५ रेषांचं, ५० फील्डचं प्रक्षेपणही त्याच वाटेने आलं. त्या काळाच्या मर्यादेत ही युक्ती मला फार हुशारीची वाटते.

तिची किंमत हालचालीत मोजावी लागते. खऱ्या इंटरलेस्ड चित्रणात दोन फील्डमध्ये १/५० सेकंदाचं अंतर असतं. ताशी १४० किलोमीटर वेगाचा क्रिकेटचा चेंडू तेवढ्यात सुमारे ७८ सेंटिमीटर पुढे सरकतो. दोन्ही फील्ड एकाच चित्रात बसवली, की हलत्या वस्तूच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात.

आता आपला कॅमेरा. १०८०आय जवळपास प्रत्येक एचडी टीव्हीला समजतं, १०८०पी २५ मात्र सगळ्यांना चालेलच असं नाही. म्हणून कॅमेरा एकाच क्षणाची पूर्ण फ्रेम दोन फील्डमध्ये विभागून पाठवतो. याला ‘प्रोग्रेसिव्ह सेगमेंटेड फ्रेम’, थोडक्यात पीएसएफ म्हणतात. वेष्टन ‘आय’चं, आतला माल ‘पी’चा. दोन्ही फील्ड जशीच्या तशी जोडली तर मूळ फ्रेम तंतोतंत परत मिळते, दाते येत नाहीत.

अडचण होते ती मॉनिटर हे ओळखत नाही तेव्हा. तो सिग्नलला खरा इंटरलेस्ड समजतो आणि प्रत्येक फील्डच्या ५४० रेषा ताणून पडदा भरतो. मग साडीच्या काठावरच्या बारीक आडव्या रेघा थरथरतात, चित्र मऊ दिसतं, आणि फोकस बरोबर असूनही चुकल्यासारखा वाटतो. अशा वेळी फोकसची खात्री कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पडद्यावर, चित्र मोठं करून घ्यावी. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय आउटपुट ‘पी’ करण्याची सोय असेल आणि मॉनिटर ते स्वीकारत असेल, तर तेच निवडावं.

६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फील्ड चालणाऱ्या देशांत गुंता वाढतो. तिथे २४ फ्रेम ६० फील्डमध्ये बसवताना एका फ्रेमची दोन, पुढच्या फ्रेमची तीन अशी फील्ड पाठवतात, याला ‘पुलडाउन’ म्हणतात. त्यामुळे तयार होणाऱ्या दर पाच फ्रेममागे दोन फ्रेममध्ये वेगवेगळ्या क्षणांची सरमिसळ होते. ती सोडवण्यासाठी पुलडाउन काढणारा रेकॉर्डर किंवा सॉफ्टवेअर लागतं.

केबलमधला सिग्नल बाहेरच्या रेकॉर्डरवर साठवणार असाल, तर मात्र ‘आय’कडे दुर्लक्ष करू नका. पीएसएफची फाइल इंटरलेस्ड म्हणून नोंदली जाऊ शकते आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर तिच्यावर डीइंटरलेसिंग करून, म्हणजे फील्ड वेगळी काढून प्रत्येकाचं पूर्ण चित्र बनवून, निम्मी बारकाई घालवू शकतं. क्लिपच्या गुणधर्मांत फील्ड ऑर्डर ‘प्रोग्रेसिव्ह’ करावी, आणि हात हलतानाची एखादी फ्रेम थांबवून कडा तपासाव्यात.