पिल्लाचे मागचे पाय ताठले म्हणजे 'वारं गेलं' नव्हे

मराठवाड्यात आखाड्यावरचं, म्हणजे शेतावरचं, कुत्र्याचं पिल्लू मागचे पाय ताठ करून फरफटत चालू लागलं, की 'वारं गेलं' म्हणतात आणि बिब्ब्याचा डाग देतात. कृपा करून हे थांबवा. त्या मुक्या जिवाला नुसती भाजल्याची वेदना होते.

अनेकदा कारण असतं निओस्पोरा कॅनिनम हा एकपेशीय परजीवी. 1988 पर्यंत त्याला टॉक्सोप्लाझ्मा हा त्याच्यासारखाच दुसरा परजीवी समजत असत. तो आईच्या पोटातच पिल्लांत उतरतो, मज्जारज्जूच्या मुळांना आणि स्नायूंना सूज आणतो. स्नायू आखडतात, सांधे घट्ट होतात, पाय दुमडेनासा होतो. तिथवर पोचलेलं पिल्लू सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून डागात घालवलेले दिवसच घात करतात. चाल बिघडताच परभणी-उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे न्या. क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक औषध काही आठवडे द्यावं लागतं, आणि त्याच वेतातल्या बाकीच्या पिल्लांनाही. मात्र रेबीज आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांमध्येही पाय जातात. तोंडात हात घालू नका.

गाय व्याली की जार कुत्र्यापुढे टाकू नका, खोल पुरा. जारातून हाच परजीवी कुत्र्यात जातो, आणि तो गाईंचा गर्भही पाडतो.