नागपूरचा मे, ट्रकचं इंजिन आणि खोटं बोलणारा सेन्सर

३० मे २०२४ ची बातमी आठवत असेल. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने त्या दिवशी ५६ अंश दाखवले आणि संध्याकाळपर्यंत तो आकडा प्रत्येकाच्या मोबाईलवर पोचला. तेव्हाच इतर काही केंद्रं ४४ च्या आसपास दाखवत होती, आणि हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. लोकांनाही पटलं, कारण ऊन कितीही कडक असलं तरी ५६ म्हणजे अतीच. आता गंमत नाही तर काळजीची गोष्ट अशी की ट्रकच्या धंद्यात हाच प्रकार लोक पैसे देऊन करून घेतात, म्हणजे व्यवस्थित चालणाऱ्या टेम्परेचर सेन्सरला मुद्दाम खोटं बोलायला लावतात आणि त्याला पॉवर वाढवणं म्हणतात. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट लाईनीत उन्हाळ्यात उभे राहा, दोन सल्ले हमखास कानावर येतील, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंडी राहते" आणि "सेन्सरच्या वायरीत हे छोटंसं लावा, पिकअप वाढते". थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी किंवा अडवणारी झडप. दोन्हीच्या मागे एकच गैरसमज आहे, की इंजिन जितकं थंड तितकं चांगलं.

डिझेल जाळून जी ऊर्जा निघते त्यातली साधारण ४० टक्के चाकाच्या कामाला येते, बाकी बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि पाव हिस्सा किंवा थोडा जास्त कूलंटमधे, म्हणजे इंजिनात फिरून त्याला थंड ठेवणाऱ्या पाणी-ग्लायकॉलच्या मिश्रणात उतरतो. हा कूलंटमधला हिस्सा रेडिएटरच्या जाळीतून हवेत टाकायचा असतो, आणि जाळी किती उष्णता फेकेल हे ठरतं कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर. कूलंट ९० ला आहे आणि डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंश, म्हणजे ७८ चा फरक. मे महिन्यात दुपारी हवा ४६, फरक उरला ४४. तीच जाळी, तोच फॅन, आणि काम जवळपास निम्म्यावर आलं. आता कूलंट १०० वर गेलं तर फरक ५४ होतो, म्हणजे जाळीची ताकद वीस टक्क्यांहून जास्त वाढली. म्हणून कंपनीवाले प्रेशर कॅप, म्हणजे आतला दाब धरून ठेवणारं झाकण लावतात. साधं पाणी १०० ला उकळतं पण १५ पीएसआयच्या कॅपखाली ते १२० च्या आसपास उकळतं, ग्लायकॉल मिसळलं की अजून वर. पन्नास रुपये वाचवायला सैल कॅप वापरली तर ही सगळी मार्जिन गेली.

आता सेन्सर, माझ्या मते अख्ख्या इंजिनातली सगळ्यात सुंदर छोटी वस्तू. पितळी नटासारखा दिसतो, बोटाच्या पेराएवढा, ब्लॉकमधे किंवा थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगमधे घट्ट बसवलेला, टोक कूलंटमधे बुडालेलं. त्याच्या पोटात मँगनीज, निकेल, कोबाल्ट असल्या धातूंच्या ऑक्साईडची एक बारीक गोळी असते, तिला थर्मिस्टर म्हणतात. तांब्याची तार तापवली की तिचा रोध म्हणजे विजेला होणारा अडथळा वाढतो हे आपण शाळेत शिकलो, या गोळीचं उलटं आहे, तापली की रोध कमी होतो, कारण उष्णतेमुळे तिच्यात वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉन मोकळे व्हायला लागतात. असं वागणारा पदार्थ मायकेल फॅरडेने १८३३ मधेच पाहिला होता, त्याच्याकडे सिल्व्हर सल्फाईड होतं. आणि हा रोध सरळ रेषेत कमी होत नाही, आधी धडाधड पडतो आणि मग हळूहळू. गाड्यांमधे सर्रास असणारा एक प्रकार घ्या, २० अंशाला साधारण २५०० ओम, ६० ला ६००, ८० ला ३२०, १०० ला १८६, १२० ला फक्त ११३.

ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला रोध कळत नाही, त्याला व्होल्टेज कळतं. म्हणून तो ५ व्होल्ट एका ठरलेल्या रोधातून पाठवतो, समजा १००० ओम, आणि पुढे सेन्सर जमिनीला म्हणजे अर्थला जोडलेला. मधल्या सांध्यावर जे व्होल्टेज मिळतं तेच त्याचं थर्मामीटर. २० अंशाला ५ गुणिले २५०० भागिले ३५००, म्हणजे सुमारे ३.५७ व्होल्ट, आणि १०० अंशाला ५ गुणिले १८६ भागिले ११८६, म्हणजे ०.७८ व्होल्ट. ईसीयूच्या मेमरीत एक तक्ता असतो, एवढे व्होल्ट म्हणजे एवढे अंश, आणि त्या आकड्यावर तो डिझेल किती आणि कधी टाकायचं, फॅन कधी चालू करायचा, पॉवर कधी कमी करायची हे सगळं ठरवतो.

हे नीट समजलं की सेन्सरच्या वायरीत लावायची ती छोटीशी डबी, "पॉवर चिप", काय करते ते लगेच दिसतं. डबीत बहुतेक वेळा एक साधा रेझिस्टर, म्हणजे ठरलेल्या रोधाचा तुकडा असतो, दोन-चार रुपयांचा, सेन्सरच्या वायरीत ओळीने लावलेला. समजा १३७ ओमचा आहे. सकाळी इंजिन गार असताना सेन्सर २५०० आणि वर १३७, म्हणजे २६३७, ईसीयूला फरक जेमतेम एक अंशाचा वाटतो, त्यामुळे गाडी स्टार्ट होताना कोणालाच शंका येत नाही. इंजिन १०० ला पोचलं, १८६ अधिक १३७ म्हणजे ३२३, ईसीयू वाचतो ८०. आणि घाटात इंजिन खरोखर १२० ला गेलं तर ११३ अधिक १३७ म्हणजे २५०, ईसीयू वाचतो जवळपास ९०. बघा, चूक कुठे वाढली? जिथे खरं बोलण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तिथेच. ज्या आकड्याला ईसीयूने टॉर्क म्हणजे इंजिनचा जोर कमी करून इंजिन वाचवायचं तो आकडा त्याच्यापर्यंत येतच नाही, आणि बऱ्याच नव्या गाड्यांमधे डॅशबोर्डचा काटाही ईसीयूच्याच सांगण्यावर चालतो त्यामुळे ड्रायव्हरलाही ९० च दिसतं. नागपूरहून सिवनीकडे जाताना खवासा ओलांडून कुरईच्या घाटात भरलेली गाडी खालच्या गिअरमधे चढतेय, समोरून वारा नाही, आणि काटा मधोमध निवांत. मग एकदम पॉवर जाते, वाफ निघते, इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, म्हणजे हेड गॅसकेट, उडालेलं असतं. पिकअप वाढल्यासारखं वाटतं ते खरं असू शकतं, कारण इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून ईसीयू काही गाड्यांमधे डिझेलचं टायमिंग आणि प्रमाण बदलतो, शिवाय पॉवर कमी करायची वेळ आली तरी करत नाही. पण थर्मामीटर खोटं दाखवायला लागलं म्हणून पोराचा ताप उतरत नाही.

सेन्सरला न फसवताही तो फसतो अशी एक वेळ आहे, ती ड्रायव्हर मंडळींनी लक्षात ठेवावी. होज फुटून कूलंट निघून गेलं की सेन्सरचं टोक कोरडं पडतं, आणि हवा किंवा वाफ त्याला पाण्याइतकी उष्णता पोचवत नाही, त्यामुळे काटा वर जायच्या ऐवजी खाली येतो. चढावर काटा अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असं समजून पुढे जाऊ नका, बाजूला घ्या. आणि गरम कॅप उघडू नका, दाबाखालचं कूलंट उघडल्याबरोबर उकळून अंगावर येतं.

थर्मोस्टॅटचं आता थोडक्यात. त्याच्या आत मेण भरलेली छोटी डबी असते, ८२ च्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, वाट उघडते, ९५ पर्यंत पूर्ण उघडते. वीज नाही, वायर नाही. सर्जियस व्हर्नेट या अमेरिकन माणसाने १९३० च्या दशकात हे मेणाचं तंत्र वापरात आणलं आणि आजही तेच चालतंय. उन्हाळ्यात गाडी तापते तेव्हा तो आधीच पूर्ण उघडा असतो, मग काढून मिळणार काय? उलट ट्रकच्या बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते, इंजिन गरम झालं की ती बायपासची, म्हणजे जाळी टाळून थेट पंपाकडे जाणारी वाट बंद करते, म्हणजे सगळं कूलंट जाळीतूनच जावं. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, आणि बरंचसं गरम कूलंट जाळीला न जाता पंपाकडे परत. लोड नसताना इंजिन जास्तच गार आणि घाटात जास्तच गरम. काही जण सांगतात की पाणी जोरात पळतं म्हणून जाळीत थंड व्हायला वेळ मिळत नाही, ते कारण बरोबर नाही, प्रवाह वाढला तर जाळी जास्तच उष्णता फेकते, खरा घोळ बायपासचा आहे. आणि गार इंजिनचं नुकसान वेगळं, लायनरवर म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्यावर ॲसिड जमतं, ऑईलमधे चिखल होतो, आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमधे धूर साफ करणारी यंत्रणाच अडखळते, दिवा लागतो.

दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच, नवतपा म्हणजे मे अखेरचे कडक नऊ दिवस लागले, आता गाड्या उकळणार, रोहिणी नक्षत्राचा कोप आहे. त्याच सुमारास, २६ मे च्या आसपास, दुपारी सूर्य नागपूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो, आणि पाऊस यायचा असल्याने जमीन कोरडी ठणठणीत असते. कारण एवढं सरळ आहे, आणि त्यावर लिंबू-मिरची हा उपाय नाही.

मग खरोखर परफॉर्मन्स हवा असेल तर काय करायचं? इंजिन गरमच राहू द्या, आत जाणारी हवा गार करा. १५ अंशाच्या हवेपेक्षा ४६ अंशाची हवा साधारण दहा टक्के विरळ असते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणून इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी, महत्त्वाचा, आणि तो बसतो नेमका रेडिएटरच्या पुढे. कोळशाच्या खाणीवरून येणाऱ्या गाड्यांची, जिनिंगमधून कापूस उचलणाऱ्या गाड्यांची जाळी कधी काढून बघा, इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधे धुळीची आणि तंतूंची अक्षरशः गादी बसलेली असते, बाहेरून दिसत नाही. ती इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी प्रेशरच्या पाण्याने धुवायची, जोरात मारलं तर फिन वाकतात. फॅन डायरेक्ट म्हणजे इंजिनला कायमचा जोडून घेऊ नका, मोठ्या गाडीचा फॅन पूर्ण वेगाला दहा-वीस हॉर्सपॉवर सहज खातो, आणि मूळचं व्हिस्कस कपलिंग, म्हणजे फॅनचा तापमानावर चालणारा क्लच, तो गरज नसताना मोकळा सोडतं, ती वाचलेली पॉवर चाकाला मिळते. बोअरचं पाणी ओतू नका, त्यातला क्षार आत थर धरतो आणि उष्णता अडवतो. साधं पाणी कूलंटपेक्षा जास्त उष्णता धरतं हे खरंय, पण ते गंज धरतं, आणि लायनरच्या थरथरण्याने जे बुडबुडे फुटून लोखंडाला बारीक भोकं पाडतात त्यापासून वाचवणारं रसायन त्यात नसतं.

सेन्सर तपासायला मल्टिमीटर पुरतो. थंड इंजिनवर सेन्सर काढून टोक गरम पाण्यात धरा, बाजूला एक साधा थर्मामीटर, ६०, ८०, ९० ला ओम लिहून घ्या आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तक्त्याशी जुळवा. आकडे जुळले आणि तरीही ईसीयू कमी तापमान वाचत असेल तर वायरिंग उघडून बघा, कनेक्टरला गंज असेल, नाहीतर टेपखाली कोणीतरी तो रेझिस्टर लावून ठेवलेला असेल, तो काढून टाका.