लायोश कोशूत : परागंदा आयुष्याची पार्श्वभूमी
हंगेरीचे क्रांतिनेते लायोश कोशूत ऑगस्ट १८४९ मध्ये देशाबाहेर पडले, ते जिवंतपणी पुन्हा परतले नाहीत. याचे मूळ १४ एप्रिल १८४९ च्या देब्रेत्सेन येथील घोषणेत आहे. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याची सत्ता संपल्याचे संसदेने त्या दिवशी जाहीर केले आणि कोशूत राज्यप्रमुख झाले; पण झारचे प्रचंड सैन्य ऑस्ट्रियाच्या मदतीला आल्यावर चार महिन्यांतच सारे कोसळले. ११ ऑगस्टला त्यांनी सेनापती गोर्गेई यांच्याकडे सत्ता सोपवली, दोनच दिवसांनी विलागोश येथे हंगेरियन सैन्याने शस्त्रे ठेवली आणि कोशूत ऑटोमन हद्दीत शिरले. तिथल्या विदिन शहरातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी पराभवाचे खापर गोर्गेईंच्या माथी फोडले. रशियन फौजेची संख्या पाहता हा आरोप अन्यायाचाच म्हणावा लागतो.

त्यांना ताब्यात देण्याची ऑस्ट्रिया आणि रशियाची मागणी सुलतानाने फेटाळली, मात्र त्यांना क्युताह्या येथे स्थानबद्ध ठेवले. १८५१ मध्ये सुटका झाल्यावर इंग्लंड-अमेरिकेत त्यांचे अपूर्व स्वागत झाले. तुरुंगात शिकलेल्या इंग्रजीत त्यांनी सभा गाजवल्या, पण हंगेरीसाठी लढायला कोणतेही सरकार पुढे आले नाही. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्धात उतरलेल्या फ्रान्सच्या सम्राट तिसऱ्या नेपोलियनने आशा दाखवली आणि इटलीत हंगेरियन पलटण उभी राहिली. पण त्याने ऑस्ट्रियाशी केलेल्या व्हिलाफ्रांकाच्या तहाने तीही आशा मावळली.

खरी कसोटी १८६७ मध्ये लागली. हंगेरियन नेते देआक यांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियाच्या सम्राटाशी समझोता होऊन हंगेरीला त्याच्याच छत्राखाली स्वतःचे सरकार मिळाले आणि १८५१ मध्ये कोशूत यांच्याप्रमाणेच गैरहजेरीत फाशीची शिक्षा झालेले आंद्राशी पंतप्रधान झाले. कोशूत यांनाही परतता आले असते. त्यांनी मात्र देआक यांना खुले पत्र लिहून बजावले की, ऑस्ट्रियाशी जखडलेली हंगेरी तिच्याबरोबरच विनाशाकडे ओढली जाईल. परतणे म्हणजे १४ एप्रिलची घोषणा स्वतःच्या हातांनी पुसणे, हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि म्हणून १८६७ नंतरचे त्यांचे निर्वासन स्वेच्छेचे असले तरी ते हट्टापायी नव्हते, असे मला वाटते. मतदारांनी संसदेवर निवडून दिले, तरी ते इटलीतील तोरिनो शहरातच राहिले. दहा वर्षे परदेशी राहणाऱ्याचे नागरिकत्व रद्द करणारा कायदा १८७९ मध्ये झाला आणि १८९० मध्ये त्यांचे नागरिकत्वही गेले.

२० मार्च १८९४ रोजी तोरिनोत त्यांचे निधन झाले. सम्राटाने सरकारी इतमाम नाकारला, तरी बुडापेस्टमध्ये अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. त्यांचे पुत्र फेरेन्त्स यांनी पुढे मायदेशी येऊन त्याच सम्राटाशी निष्ठेची शपथ घेतली आणि १९०६ मध्ये ते व्यापारमंत्री झाले.