जागा तीच, अणू वेगळा: निओडिमियम चुंबकातील अदलाबदल

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे विकसित केला. त्याच्या स्फटिकाच्या एकक कोशिकेत, म्हणजे स्फटिकभर पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्यात, ६८ अणू असतात: ५६ लोहाचे, ८ निओडिमियमचे आणि ४ बोरॉनचे. चुंबकत्वाचा मोठा वाटा लोहाचा. ते एकाच अक्षाला जखडून ठेवण्याचे काम मुख्यतः निओडिमियमचे. उष्णता मात्र या चुंबकाला मानवत नाही. सुमारे ३१२ अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकत्व नाहीसे होते आणि त्याच्या बऱ्याच आधी, तापलेल्या मोटरमध्ये, उलट्या चुंबकीय क्षेत्रापुढे तो नमू लागतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे काही निओडिमियमच्या जागी डिस्प्रोशियम हे त्याच्याच कुळातले मूलद्रव्य घालणे. सगळे निओडिमियम बदलले तरी स्फटिकाची रचना तीच राहते, कोशिका किंचित आकसते एवढेच. पण अक्षाला धरून ठेवणारे बल जवळपास दुप्पट होते आणि एकूण चुंबकन, म्हणजे चुंबकत्वाची तीव्रता, १.६ टेस्लावरून सुमारे ०.७ टेस्लावर घसरते. चुंबकन घसरते ते यामुळे की निओडिमियमचे चुंबकीय परिबल (एकेका अणूचे चुंबकत्व) लोहाच्या दिशेनेच असते, तर डिस्प्रोशियमचे त्याच्या नेमके विरुद्ध.

निओडिमियमच्या जागी त्याच कुळातले समॅरियम घातले तर काय होते, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. निओडिमियमच्या बाह्यावरणाआड दडलेल्या इलेक्ट्रॉनांचा मेघ चपटा असतो, समॅरियमचा लांबट. तेवढ्याने चुंबकन अक्ष सोडून आडव्या प्रतलात पसरते आणि ते संयुग कायमच्या चुंबकासाठी निकामी ठरते. कोबाल्टबरोबरच्या वेगळ्या रचनेत मात्र हेच समॅरियम उत्कृष्ट चुंबक देते, म्हणजे दोष त्या अणूचा नव्हेच.

लोहाच्या जागी कोबाल्ट घातल्यास चुंबकत्व अधिक तापमानापर्यंत तग धरते. येथे लोहाच्या जागा सहा प्रकारच्या आहेत. त्यांपैकी सर्वांत ऐसपैस, लोहाचेच शेजारी अधिक असलेली जागा कोबाल्ट शक्यतो टाळतो.

डिस्प्रोशियम महाग असल्याने आता ते सगळ्या मिश्रधातूत मिसळण्याऐवजी तयार चुंबकाच्या पृष्ठभागावर लावून तापवतात. चुंबक अनेक सूक्ष्म स्फटिक-कणांचा बनलेला असतो; डिस्प्रोशियम त्या कणांच्या सीमांवरून आत झिरपते आणि प्रत्येक कणाच्या केवळ बाहेरच्या थरात निओडिमियमची जागा घेते. चुंबकत्व उलटण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होत असल्याने तेवढा थर पुरतो, आणि कणाच्या गाभ्यातील चुंबकन अबाधित राहते.